भिंगाखालचा पिवळा डाग

बर्फाच्या मगाची गोष्ट मी आजवर कितीतरी लोकांना सांगितली आहे. निवृत्तीच्या समारंभात सांगितली, साताऱ्यात सकाळी फिरून आल्यावर आम्ही म्हातारे ज्या कट्ट्यावर बसतो तिथे सांगितली, जावयाला तर दोनदा सांगितली. एका कोल्ड स्टोरेजमधलं यंत्र रोज दुपारी चुकीचा आकडा दाखवत होतं, कारण कुणालाच सापडत नव्हतं, आणि मी मगभर बर्फाचं पाणी घेऊन तासाभरात ते शोधून काढलं, अशी ती गोष्ट. लोकांना आवडते. तिच्यात मी हुशार दिसतो.

ती गोष्ट खोटी नाही. पण तिच्यात एक बाई होत्या आणि त्यांना मी दरवेळी गाळत आलो. त्या आल्या की गोष्टीचा शेवट बदलतो, म्हणून गाळत आलो. बायकोलाही पुरती सांगितली नव्हती. आता पंचाहत्तरी जवळ आली आहे आणि ज्यांना सांगायला हवी होती त्या बाई ऐकायला उरलेल्या नाहीत. म्हणून ही लिहून ठेवतो आहे.

मी मूळचा साताऱ्याचा. इंजिनिअरिंग कराडला केलं आणि नोकरी सांगलीला एका शेडमध्ये लागली. तिथे मापनाची उपकरणं बनत. साखर कारखान्यांना, दूध डेअऱ्यांना, कोल्ड स्टोरेजना लागणारी. पत्र्याखाली पंधरा-सोळा माणसं. मालक रेडिओ दुरुस्तीतून वर आलेले, तोंडाने फटकळ, मनाने वाईट नव्हेत. सर्किटचं डिझाइन करणारा मी एकटा. सोमवारी पहाटेच्या एसटीने सांगली, शनिवारी संध्याकाळी परत सातारा, असं बरीच वर्षं चाललं.

बोर्डावर भाग बसवायला सहा बायका होत्या. त्यांच्यातल्या एकीला सगळे आक्का म्हणत, मीही आक्काच म्हणे. वयाने त्या माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान होत्या, पण शेडमध्ये वयाचा हिशोब वेगळा असतो. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातल्या. वडील मेंढरं राखत, या लग्न होऊन सांगलीत आल्या. सातवीपर्यंत शाळा. त्यांचं सोल्डरिंग मी अजून डोळ्यांपुढे आणू शकतो. प्रत्येक जोड सारखा, चकचकीत, मोहरीच्या दाण्याएवढा. आमच्या शेडमध्ये बायका त्या जोडाला टाका म्हणत.

एक रीत होती. नव्या मालाचा पहिला बोर्ड घेतला की त्याचा पहिला टाका आक्कांनी घालायचा. कुणी सुरू केली माहीत नाही. आक्कांनी हात लावलेला माल परत येत नाही, असं मालकांच्या डोक्यात बसलं होतं. ते स्वतः येऊन उभे राहत आणि म्हणत, "चला आक्का, हात लावा." आक्का पदर खोचत, टाका घालत, धूर फुंकत आणि म्हणत, "लागला बघा हात. आता च्या सांगा." मग सगळ्यांना चहा. मला त्याची गंमत वाटे. मी शिकलेला होतो ना.

त्या वर्षी बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी यंत्र करायचं होतं. तासगाव रस्त्यावर ते नव्याने उभं राहिलं होतं. आठ ठिकाणचं तापमान एकाच यंत्राने पाळीपाळीने वाचायचं: पहिला सेन्सर बाहेर आवारात, बाकीचे सात, सात खोल्यांमध्ये. हे यंत्र नीट चाललं तर आणखी तीन कोल्ड स्टोरेजवाले घेणार होते. ते वाट बघत थांबले होते.

यात जो भाग माझ्या डोक्याला लागला त्याला सॅम्पल अँड होल्ड म्हणतात. सेन्सरकडून येणारं व्होल्टेज हलतं असतं आणि त्याचा आकडा करणारा भाग सावकाश चालणारा असतो. म्हणून मध्ये अशी सोय करावी लागते: कालव्याच्या वाहत्या पाण्यात तांब्या बुडवावा, भरला की काठावर ठेवावा आणि मग निवांत बघावं पाणी कसं आहे. स्विच म्हणजे बुडवणारा हात आणि कपॅसिटर म्हणजे तांब्या. स्विच क्षणभर मिटतो, कपॅसिटरमध्ये त्या क्षणाचं व्होल्टेज भरतं, स्विच उघडतो. मग आकडा तयार होईपर्यंत कपॅसिटरने ते जसंच्या तसं धरून ठेवायचं. नंतर पुढचा सेन्सर, पुन्हा तोच तांब्या.

भरणं सोपं असतं. धरून ठेवणं अवघड. तांब्या गळका असून चालत नाही. बोर्डावर नुसता बोटाचा घाम लागला तरी व्होल्टेज त्यातून झिरपून जातं. आणि दुसरं म्हणजे तांब्याला आधीच्या पाण्याचा वास राहून चालत नाही. ताक ठेवलेलं मातीचं गाडगं कितीही धुतलं तरी पुढच्या पाण्याला ताकाचा वास येतो. काचेच्या बरणीला येत नाही. कपॅसिटरचंही तसंच आहे. पॉलिस्टायरिनचा कपॅसिटर काचेच्या बरणीसारखा. साधा सिरॅमिक गाडग्यासारखा: आधी भरलेल्या व्होल्टेजचा थोडा अंश आत मुरवतो आणि मागाहून सोडतो.

हे मला माहीत होतं. माझ्या कागदावर पॉलिस्टायरिनच लिहिलेला होता. पण आमच्याकडचे संपले होते, मुंबईहून यायचं पार्सल लांबलं, आणि मालकांनी रथसप्तमीच्या आत यंत्र बसवून देतो असा शब्द दिलेला. मी विचार केला, सातही खोल्या सारख्याच थंड असणार. वास राहिला तर राहिला, सगळ्या पाण्याला एकच वास. कपाटातून सिरॅमिक काढले आणि आक्कांपुढे ठेवले. कागदावर मात्र खोडलं नाही.

खोल्यांबाहेरचा तो एक सेन्सर, मोजणीतला पहिलाच, उन्हात आवारात लटकणार होता, हे मी विसरलो. विसरलो एवढंच आहे. डिझाइनमध्ये अशी चूक होते आणि तिची लाज वाटायचं कारण नसतं. लाज वाटावी असं त्यापुढे घडलं.

आक्कांनी एक कपॅसिटर उचलून खिडकीकडे धरला.

"आवं साहेब, ह्यो त्यो न्हवं."

"कोण तो?"

"न्हेमीचा. त्यो काचंगत असतोय, आत चांदीचा कागुद गुंडाळल्यावानी. त्याला चटका बसू ने म्हून मी चिमट्यानं पाय धरून टाका घालती. ह्यो तर डाळीगत हाय, मसुराच्या."

बाकीच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "आक्का, शिजवून बघ की, आमटी हुतीया का." पुन्हा हशा. मी मान वर न करता म्हणालो, "आक्का, टाके तुम्ही घाला. डिझाइन माझ्याकडे राहू द्या."

"मला काय वो, मी आपलं इचारलं," असं म्हणून त्यांनी तो खाली ठेवला. मालक आले, "हात लावा" म्हणाले, आणि त्यांनी पहिला टाका घातला.

त्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दर वर्षी शेडमध्येच, जेवणाच्या सुट्टीत, आक्काच पुढाकार घेत. बायका एकमेकींना हळदीकुंकू लावत, तिळगूळ आम्हा पुरुषांनाही मिळे. त्या वर्षी आक्कांनी वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. एक माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "वैनीस्नी द्या. सातारच्या च्यात लय चोथा असतोय म्हनं." ती गाळणी आमच्या घरात पुढे फार वर्षं होती. सुट्टी संपल्यावर बायकांनी नळावर हात धुतले आणि बोर्डांवर बसल्या.

यंत्र तयार झालं. टेबलावर तपासताना मी आठही चॅनेलना एकच व्होल्टेज जोडलं. आठ वेगळी व्होल्टेज द्यायची म्हणजे आठ जोडण्या, दुपार जाते. एकाच बटणाने सगळ्यांना खालीवर केलं, आठही आकडे तंतोतंत सारखे आले. मी सही केली. तांब्याच्या वासाची परीक्षा घ्यायची तर दोन वेगळी पाणी लागतात, आणि मी एकच पाणी आठ वेळा भरलं होतं.

फेब्रुवारी संपायच्या आत यंत्र परत आलं. कोल्ड स्टोरेजचा ऑपरेटर ते पोत्यात गुंडाळून एसटीने घेऊन आला. टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, ह्ये तुमचं मशीन दुपारचं खोटं बोलतंय."

"म्हणजे?"

"सकाळच्याला गुणी असतंय. ऊन चढलं की पैल्या खोलीचं अंशभर जास्ती सांगतंय. काचंचा थर्मामीटर लावून बघितलाय मी. बाकीच्या खोल्या बरुबर. मी त्याचं ऐकून मशिनरी चालू ठिवतो अन् खोलीत बर्फ धरतोय."

मालक मागे येऊन उभे राहिले होते. आजपर्यंत माल परत आला नव्हता. मी बोर्ड काढला, भिंग घेतलं आणि त्या कपॅसिटरच्या पायाशी मला एक पिवळा डाग दिसला. बोर्डावर काम केलेल्या आठवड्याची चिठ्ठी चिकटवलेली असे. संक्रांतीचा आठवडा.

मी म्हणालो, "हळद."

एकच शब्द. तो इतका चपखल बसला की मला स्वतःलाच तो पटला. बोटाला हळद, बोट कपॅसिटरच्या पायाला, त्यातून झिरपणारं व्होल्टेज. मालकांनी भिंगातून पाहिलं, ऑपरेटरने पाहिलं. मी स्पिरिटने बोर्ड धुतला, पुन्हा टेबलावर तपासला, पुन्हा एकच व्होल्टेज आठांना. आकडे तंतोतंत आले. धुण्याच्या आधी तपासला असता तरी तंतोतंतच आले असते. पण आधी मी तपासला नव्हता. सगळ्यांच्या देखत सिद्ध झालं.

मालकांनी आक्कांना बोलावलं. सगळं शेड काम थांबवून ऐकत होतं.

"आक्का, त्या दिवशी हळदीकुंकवानंतर हात धुतले होते?"

"धुतलं व्हतं की."

"साबणानं?"

आक्कांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "साबण कुठला नळावर. पर हळद जातीया व्हय लगीच? दोन दिस ऱ्हातीया." आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या मसुराच्या डाळीची आठवण काढतील अशी मला तेव्हा धास्ती होती. त्यांनी काढली नाही. साहेबांनी भिंगातून पाहिलंय म्हणजे तसंच असणार, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आणि मी त्याच वेळी आणखी एक गोष्ट ओळखली होती. सांगलीत फेब्रुवारीच्या दुपारी हवा कोरडी असते, सकाळी दमट. हळदीतून किंवा घामातून झिरपायचं असेल तर ते दमट हवेत जास्त झिरपेल. म्हणजे यंत्राने सकाळी खोटं बोलायला हवं होतं आणि दुपारी खरं. ऑपरेटर नेमकं उलटं सांगत होता. हे माझ्या मनात आलं, तिथेच, आक्का हात बघत उभ्या असताना. मी ते बाजूला ठेवलं.

हळदीकुंकू त्या दिवसापासून शेडमध्ये बंद झालं. आक्कांना बोर्डावरून काढून पॅकिंगला लावलं. काढून टाका म्हणत होते मालक, मीच म्हणालो पॅकिंगला ठेवू. तेव्हा मला ते माझं मोठेपण वाटलं. पुढच्या मालाच्या वेळी मालक आले तेव्हा सवयीने त्यांची मान आक्कांकडे वळली. थर्माकोलचे तुकडे कापत त्या म्हणाल्या, "मला नगा इचारू मालक. माझ्या हाताचा गुण गेलाय." मग दुसऱ्या एकीने पहिला टाका घातला. चहा झाला, पण सगळ्या लगेच परत बोर्डांवर बसल्या.

एप्रिलमध्ये ऑपरेटरचा फोन आला. मशीन पुन्हा खोटं बोलतंय, आणि आता दीड अंशाने. मी एकटाच गेलो. दुपारी आवारात उभा राहिलो, छत्रीसुद्धा नव्हती. अंगाची लाही होत होती आणि डोक्यावर पत्र्याच्या डबीत पहिला सेन्सर लटकत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग ऑपरेटरला म्हणालो, "मगभर बर्फाचं पाणी आणतोस का?"

"प्यायला थंड पानी माठात हाय की."

"प्यायला नको."

त्याने भरलेला मग आणून दिला. मी डबी सोडवून तो सेन्सर मगात बुडवून धरला. आवाराचं तापमान यंत्रावर घसरत घसरत शून्यापाशी आलं आणि त्याच वेळी पहिल्या खोलीचा आकडा दीड अंशाने खाली आला, काचेच्या थर्मामीटरशी जुळला. नंतर तो मग बाजूला केला. उन्हात सेन्सर तापला तसा खोलीचा आकडा पुन्हा चढला. आवाराच्या उन्हाचा वास तांब्यात राहत होता आणि लगेच पुढे भरलेल्या पहिल्या खोलीच्या पाण्याला लागत होता. बाकीच्या खोल्यांपर्यंत तो पोचतच नव्हता. म्हणून एकच खोली, म्हणून दुपारीच.

ऑपरेटरने टाळी वाजवली. "घावलं न्हवं साहेब!" गोष्ट मी नेहमी इथेच थांबवतो.

संध्याकाळी यंत्र घेऊन शेडमध्ये आलो. पॉलिस्टायरिनचं पार्सल केव्हाच येऊन पडलं होतं. मी स्वतः जुना कपॅसिटर काढला, नवा बसवला, दोन वेगळी व्होल्टेज देऊन तपासलं. दोष गेला. आणि नव्या कपॅसिटरच्या पायाशी पुन्हा एक पिवळा डाग तयार झाला होता, माझ्याच हाताने घातलेल्या टाक्याशेजारी. मी भिंग धरलं. राळ होती ती. सोल्डरच्या तारेत आतून राळ भरलेली असते, तापली की वितळून जोडाभोवती बसते, पिवळी, चकचकीत. प्रत्येक बोर्डावर असते. मी ती शेकडो वेळा पाहिलेली होती. फेब्रुवारीत मात्र मला ती हळद दिसली.

सकाळी मालकांनी विचारलं, "काय निघालं?"

काय सांगायचं ते मी रात्री ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आलं ते असं: "हळद कपॅसिटरच्या आतपर्यंत गेली होती. धुऊन निघाली नाही. कपॅसिटरच बदलला."

"बघा!" मालक म्हणाले. "एका बोटानं काय केलं बघा."

पॅकिंगचं टेबल तिथून दहा पावलांवर होतं. आक्कांनी मान खाली घातली आणि खोक्याला चिकटपट्टी लावत राहिल्या.

का केलं, याची उत्तरं मी या वर्षांत पुष्कळ तयार केली. तीन यंत्रांची ऑर्डर अडली होती. इंजिनिअर म्हणून माझ्या शब्दावर शेड चालत होतं. आक्कांना काढलं तर नव्हतं. पण त्यातलं एकही उत्तर त्या सकाळी माझ्या मनात नव्हतं. तेव्हा एवढंच होतं की फेब्रुवारीत मी सगळ्यांच्या देखत "हळद" म्हणालो होतो, आणि आता सगळ्यांच्या देखत "नव्हे" म्हणायला लागणार होतं.

ती तीन यंत्रं गेली, आणखी गेली. दसऱ्याच्या आसपास आक्कांनी काम सोडलं. बेदाणा निवडायच्या कामाला तासगावकडे जाऊ लागल्या असं कळलं. एकदा सांगलीच्या एसटी स्टँडवर दिसल्या, बायकांच्या घोळक्यात, डोक्याला फडकं बांधलेलं. मी वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्या आड उभा राहिलो. सातारची गाडी लागली तेव्हाच ते मिटलं.

आता अलीकडचं सांगतो. बायको गेल्यावर घर आवरताना ती गाळणी सापडली, जाळी फाटलेली, तरी तिने ठेवून दिलेली. शेडमधल्या जुन्या माणसांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, तिथे विचारून आक्कांचा पत्ता मिळवला. कुपवाडच्या बाजूला, मुलीच्या घरी. गाडीत बसल्यापासून एक वाक्य घोकत होतो. कराड गेलं, पेठ नाका गेला, वाक्य पाठ झालं.

आक्का दारातच बसल्या होत्या. केस पांढरे, डोळ्यांना जाड चष्मा. यजमान ओट्यावरच्या खाटेवर झोपलेले. मला ओळखायला एक क्षण लागला नाही.

"आगं बया, साहेब! आवं किती वाळलाय तुमी. वैनी न्हाई का जेवाय घालत?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. चहा आला. मुलगी चाळिशीची, बोलकी. तिच्या मुलीचं, म्हणजे आक्कांच्या नातीचं, लग्न ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख होती. घरात त्याचीच गडबड.

मुलगी म्हणाली, "बरं झालं काका आलात. तुमीच सांगा हिला. पोरगी रुसून बसलीया, पैली हळद आज्जीच लावंल म्हणती. आज्जी न्हाई म्हणती."

"का?" मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं.

"कुणालाच लावत न्हाई ती. माझ्या लग्नातबी न्हाई लावली. मामाच्या पोरांस्नी न्हाई. माझ्या हाताला गुण न्हाई, म्हणती. सख्ख्या आईनं हळद न लावता बोहल्यावर उभी ऱ्हायलेली बाई बघितलीया का काका तुमी? ही बघा."

आक्का हसल्या. "आगं तुला काय ठावं. माझ्या हळदीच्या बोटानं येवढं मोठं मशीन बिघडलं व्हतं. साहेबांनी सोता भिंगातनं बघितलं. व्हय का न्हाई वो साहेब?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. वाक्य तयार होतं. पेठ नाक्यापासून तयार होतं. हाताचा गुण परत द्यायला एवढी सोपी वेळ कुणाला मिळते? मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "आक्का, किती जुनी गोष्ट. लावा हो हळद. एवढं काय त्यात."

"तुमी म्हणताय ते मायेनं म्हणताय," आक्का म्हणाल्या. "पर खरं ते खरं. मालक तर हाकलूनच देत व्हतं मला. तुमी सांबाळून घेतलं, पॅकिंगला ठिवलं. ते मी इसरली न्हाई. लेकीला कवाबी सांगती, साहेब व्हते म्हून."

मुलगी माझ्याकडे कौतुकाने बघत होती. गाडीची वेळ झाली, असं म्हणालो. गाडीला दोन तास होते. निघताना त्यांनी पिशवीत बेदाणे घातले.

लग्नाला बोलावणं आलं होतं. गुडघ्याचं कारण सांगून गेलो नाही. ग्रुपवर हळदीची चित्रफीत आली. बायकांची गर्दी, गाणं, नात पाटावर बसलेली, पिवळी झालेली. मागे भिंतीला टेकून आक्का उभ्या आहेत. हसताहेत. दोन्ही हात पदराखाली. ती चित्रफीत मी किती वेळा पाहिली ते सांगत नाही. प्रत्येक वेळी वाटतं, आता हात बाहेर येतील.

मी ठरवलं, संक्रांतीला जायचं. संक्रांतीला थंडी-ताप झाला. मग ठरवलं, पाडव्याला. पाडव्याच्या आधी आठ दिवस मुलीचा फोन आला. आक्का झोपेतच गेल्या होत्या. मी गेलो, पण सगळं उरकल्यावर. मुलगी म्हणाली, "तुमी आलात ते तिला लय बरं वाटलं असतं." तिलाही मी काही सांगितलं नाही. रडणाऱ्या माणसापुढे सर्किटं काय काढायची, असं स्वतःला म्हणालो. हे लिहून झालं की पहिली प्रत तिला पाठवणार आहे. तिने हवं ते करावं. पाठवायचं धैर्य होण्याआधी मी पुन्हा काही कारण काढू नये म्हणून ते इथेच लिहून टाकतो.

आणि ते वाक्य. एसटीत पाठ केलेलं, चहाच्या कपाशी गिळलेलं. ते असं होतं:

आक्का, तो डाग हळदीचा नव्हता, सोल्डरमधली राळ होती. कपॅसिटर चुकीचा होता, तो मी निवडला होता, तुम्ही मला तेव्हाच विचारलं होतं आणि मी तुम्हाला गप्प बसवलं. हे मला त्याच उन्हाळ्यात कळलं होतं, तरी मी सगळ्यांपुढे पुन्हा तुमच्या हातावर ढकललं. तुमच्या हाताला काही झालं नव्हतं. मला माफ करा, आणि नातीला पहिली हळद तुम्हीच लावा.